गालिबिएचा घाट

मराठी भाषेत 'घाट' या एका शब्दावर आपण किती ओझी लादली आहेत, याला काही सुमार नाही. नदीच्या पायऱ्यांना घाट, डोंगरातल्या रस्त्याला घाट, तांब्याच्या आकाराला घाट, आणि मुलीच्या लग्नाचा आपण घालतो तोही घाटच! वळणाचेही तसेच. ते रस्त्याला असते, अक्षराला असते आणि मुलांना लावावे लागते. वर्गात मी हे दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी मागच्या बाकावरून एक जांभई ऐकू येते. पण डोंगरावर मागेपुढे मुरडत चढणाऱ्या रस्त्याला कोण काय म्हणतो, यावरून त्या त्या लोकांची पारख करता येईल, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आपण त्याला नागमोडी म्हणतो. आपल्याला तिथे साप दिसतो. इंग्रजाला बाईच्या केसांतली पिन दिसली. फ्रेंच माणूस त्या वळणांना 'लासे' म्हणतो, म्हणजे बुटाची नाडी. डोंगर हा एक भला थोरला बूट आहे आणि त्याची नाडी एकेक भोक ओवीत वर न्यायची आहे, ही कल्पना ज्यांना सुचली ते खुर्चीत बसून डोंगर पाहणारे नसणार. खिंडीला ते 'कोल' म्हणतात, आणि सदऱ्याच्या कॉलरलाही कोलच. पायातल्या नाडीपासून गळ्यातल्या कॉलरपर्यंत, असा हा त्यांचा घाट.

हे शब्दज्ञान मला झाले ते दोन वर्षांपूर्वी. उन्हाळ्याच्या सुटीच्या शेपटाला रजेचा एक तुकडा जोडून मी फ्रान्समधल्या ग्रनोबल गावी पंधरा दिवस राहून आलो. माझा भाचा तिथे नोकरीला आहे. ताई गेल्यावर त्याने वडिलांना आपल्याकडे नेले. त्यांना घरात आम्ही लहानथोर सगळेच अप्पा म्हणतो. वय सदुसष्ट, बँकेतून निवृत्त, बोलणे बेताचे.

मी गेलो होतो तो खरे म्हणजे शिष्टाईला. पुण्यात अप्पांची सोसायटी पाडून नवी बांधायची होती. चौदा सभासदांपैकी तेरांच्या सह्या झाल्या होत्या. अप्पांना फोन केला की ते "बघू" म्हणायचे. बिल्डर चिटणिसांच्या मागे, चिटणीस माझ्या मागे. बरे, नुसत्या सहीचा प्रश्न असता तर गोष्ट वेगळी. भाच्याचे म्हणणे, नवी जागा घेऊन करायचे काय, पैसे घ्यावेत आणि अप्पांनी कायमचे इथेच राहावे. माझ्या बायकोचे म्हणणे, परदेशात म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात, जागा ठेवावी आणि त्यांनी परत यावे. अप्पांचे म्हणणे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते विचारून येण्याची कामगिरी माझ्याकडे होती, आणि सोसायटीचे चार पानी पत्र माझ्या पिशवीत होते.

ग्रनोबलला पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी सहा वाजता जाग आली, तर अप्पा अंगासरशी बसणारे रंगीत कपडे घालून दारात सायकलच्या चाकात हवा भरत होते. मी पाहतच राहिलो. विशीत असताना अप्पा मुंबई-पुणे शर्यतीत दोनदा उतरले होते, हे मला ऐकून माहीत होते. त्या शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. अप्पा राजा झाले नाहीत, पण दुसऱ्या वर्षी शिंगरोबाच्या देवळापर्यंत ते पुढच्या तिघांत होते, असे ताई सांगे. सांगताना तिच्या आवाजात कौतुक असे आणि धास्तीही. लग्नानंतर तिने ती सायकल माळ्यावर चढवायला लावली आणि ती पुन्हा खाली आली नाही. शिवाय पाच वर्षांपूर्वी अप्पांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवलेली. भाचा म्हणाला, "मामा, तू घाबरू नकोस. इथल्या डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. फक्त नाडी एकशे तीसच्या वर जाऊ द्यायची नाही. मनगटावरचं घड्याळ तेवढं बघत राहायचं."

ज्या गावाच्या तिन्ही बाजूंना आल्प्सचे डोंगर आहेत, तिथे सायकल ही वस्तू सपाटीवरून भाजी आणायला नसतेच. ग्रनोबलहून पन्नासेक किलोमीटरवर ल बूर-द्वाझाँ नावाचे गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर. या एका गावातून जेवढ्या नामांकित चढणी सुरू होतात तेवढ्या जगात दुसऱ्या कुठल्या गावातून होत असतील, असे मला वाटत नाही. एक रस्ता आल्प द्युएझला, एक 'क्रुआ द फेर' म्हणजे लोखंडी क्रुसाच्या खिंडीकडे, आणि एक लोतारेच्या खिंडीवरून गालिबिएला. जूनमध्ये या गावात जेवढी माणसे चालताना दिसतात, त्याहून जास्त सायकलवर दिसतात; आणि पन्नाशी-साठीतली माणसे त्यांत मुबलक. पोट सुटलेले, मिशा पिकलेले, पाय मात्र शिसवी लाकडाचे.

माझ्यासाठी भाच्याने विजेची सायकल भाड्याने आणली. ती स्कूटरसारखी आपोआप धावत नाही. आपण पायडल मारले तरच तिची मोटर आपल्याला हातभार लावते, आणि ताशी पंचवीस किलोमीटर झाले की गप्प बसते. तिकडचा कायदाच तसा आहे. एकंदरीत चांगल्या शिक्षकासारखे तिचे वागणे. अप्पांनाही तसलीच आणू का, असे भाच्याने पूर्वी विचारले होते म्हणे. त्यावर अप्पा "बघू" म्हणाले होते.

पहिल्यांदा आम्ही गेलो आल्प द्युएझला. १३.८ किलोमीटरचा रस्ता, सरासरी आठ टक्के चढ. म्हणजे शंभर मीटर गेल्यावर माणूस आठ मीटर वर चढलेला असतो. ऐकायला काहीच नाही. पण खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत आपण पाचशेच मीटरच्या आसपास चढतो, आणि इथे त्याच्या दुपटीहून जास्त. वळणे एकवीस, आणि त्यांचे आकडे उलटे लावलेले. खालचे वळण एकविसावे, वरचे पहिले. प्रत्येक वळणावर पाटी आणि पाटीवर तिथल्या विजेत्यांची नावे. १९५२ साली टूर द फ्रान्सची शर्यत पहिल्यांदा या रस्त्याने वर आली आणि इटलीचा फाउस्टो कोप्पी जिंकला. विजेत्यांची संख्या वळणांपेक्षा वाढली तेव्हा एकेका पाटीवर दोघादोघांना दाटीवाटीने बसवावे लागले. पहिले दोन किलोमीटर सर्वांत खडे आहेत. आठ-दहा किलोमीटर दम तपासून मग धक्का द्यावा अशी डोंगराची रीत असते. इथे उंबऱ्यातच कानफटात बसते. कसलेले शर्यतवाले चाळीस मिनिटांच्या आत वर जातात. अप्पांना एक तास चाळीस मिनिटे लागली. वर काय आहे? हॉटेले, दुकाने आणि हिवाळ्यात बर्फावरून घसरण्याची सोय. जो तो घड्याळ पाहून आपली वेळ दुसऱ्याला सांगत होता. अप्पांनी कॉफी घेतली आणि म्हणाले, "ही परीक्षेची जागा झाली. रस्ता असा नव्हे." माझे मत विचाराल तर मलाही ते पटले. ज्या रस्त्याच्या शेवटी पलीकडचे खोरे दिसत नाही, त्याला घाट म्हणू नये.

गालिबिए मात्र घाट आहे. उंची २६४२ मीटर. उत्तरेकडून यायचे तर सँ मिशेलपासून आधी तेलेग्राफची खिंड चढायची, पाच किलोमीटर उतरून व्हालुआर गावात यायचे आणि तिथून पुन्हा अठरा किलोमीटर वर. तेलेग्राफ हे नाव तारायंत्राच्याही आधीचे आहे. १८०७ साली तिथे टेकडीवर लाकडी हात हलवून खुणा करणारे ठाणे होते, आणि दुर्बिणीतून त्या खुणा वाचून निरोप डोंगरामागून डोंगर पार करीत इटलीकडे जात. या वाटेने निरोप घेऊन जाणारा मी काही पहिला नव्हतो.

टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू झाली ती एका वर्तमानपत्राचा खप वाढवण्यासाठी. आपल्याकडे खपासाठी दिवाळी अंक काढतात, त्यांनी माणसांना देशभर सायकलवरून पळवले. त्या पत्राचा कागद पिवळा होता, म्हणून १९१९ पासून आघाडीवरच्या गड्याला पिवळा सदरा. संपादक होता आंरी देग्रांज. १९११ साली त्याने शर्यत गालिबिएवर नेली. रस्ता कच्चा, खडी आणि चिखलाचा, कडेला बर्फ, सायकलला गिअर नाहीत. एमिल जॉर्जे नावाचा गडी सर्वांत आधी वर पोचला. बहुतेकांनी आपापल्या सायकली हाताने ढकलीत नेल्या. या देग्रांजचे गिअरशी हाडवैर होते. खरा गडी एकाच दात्यावर चढतो, बदलते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी, असे त्याचे मत. पायथ्याशी उतरायचे, मागचे चाक काढून उलटे बसवायचे की दुसऱ्या बाजूचे मोठे चक्र लागते, इतकीच सवलत. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्राला शर्यतीत परवानगी मिळाली ती १९३७ साली. १९४० साली देग्रांज वारला, आणि १९४९ मध्ये गालिबिएच्या बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी त्याचे स्मारक उभारले. त्याच्या नियमाप्रमाणे मी सत्तेचाळीस वर्षांचा असल्याने गिअरला नुकताच पात्र झालो होतो. विजेच्या मोटारीबद्दल त्याने काय म्हटले असते, ते न ऐकलेलेच बरे.

भाच्याचा आग्रह होता की अप्पांनी दक्षिणेकडून, लोतारेच्या खिंडीतून चढावे. तिथून वर साडेआठच किलोमीटर. अप्पांना सँ मिशेलपासून निघायचे होते. शेवटी व्हालुआरवर तडजोड झाली. भाच्याने आम्हांला मोटारीने तिथे सोडले आणि स्वतः घाट ओलांडून पलीकडे लोतारेला जाऊन थांबायचे ठरले. निघताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, अप्पांना त्रास झाला तर ते तोंडाने सांगणार नाहीत. तू बघ. आणि जमलं तर ते सोसायटीचं पण विचार. चढावर तुम्ही दोघंच असाल, निवांत बोलता येईल."

निवांत! घाटात सायकल चालवणाऱ्याशी बोलणे हे देवळात ध्यानाला बसलेल्याशी बोलण्यासारखे आहे, हे त्या मुलाला कळायला हवे होते. माझी मोटर गुणगुणत होती, मला घामही नव्हता, आणि बोलायला भरपूर श्वास शिल्लक होता. अप्पांचा सगळा श्वास पायांच्या कामी लागलेला. दोन-तीन वेळा मी, "अप्पा, ते सोसायटीचं पत्र," एवढे म्हणालो. त्यांनी हाताने 'थांब' अशी खूण केली. मग मीही गप्प बसून रस्ता पाहू लागलो.

व्हालुआरनंतरचे दहा किलोमीटर खोरे रुंद आहे. डाव्या-उजव्या हाताला गवताची कुरणे, गायींच्या गळ्यांतल्या जाड घंटा, आणि मधूनच कोणी पोराने शीळ घालावी तसा आवाज. ते मार्मोट. आकाराने मांजराएवढे, खारीच्या कुळातले. बिळाच्या तोंडाशी उभे राहून शिट्ट्या घालतात. रस्त्याच्या कडेला दर किलोमीटरला एक दगड. त्यावर शिखर किती दूर राहिले आणि पुढच्या किलोमीटरचा चढ किती टक्के, हे सायकलवाल्यांसाठी लिहिलेले असते. ही सोय की छळ, ते ठरवणे अवघड आहे. पुढे नऊ टक्के आहेत हे कळून पायांना काय मदत होणार? पण अप्पा प्रत्येक दगड वाचत होते. बँकेतला माणूस, आकडा लपवलेला त्यांना आवडत नाही.

प्लां लाशा नावाच्या जागी खोरे संपल्यासारखे वाटते. रस्ता उजवीकडे ओढा ओलांडतो आणि एकदम डोंगराच्या अंगावर चढतो. शेवटचे आठ किलोमीटर. खरी नाडी इथून आवळायची. झाडे केव्हाच संपलेली. आता गवतही विरळ, काळी ठिसूळ दरड, आणि कडेला यंत्राने कापलेल्या बर्फाच्या भिंती. हिवाळाभर हा रस्ता बर्फाखाली गाडलेला असतो. मे अखेरीस किंवा जूनमध्ये तो उकरून काढतात. इतक्या उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे पाव भागाने विरळ. मला ते मोटरच्या कृपेने जाणवत नव्हते, पण अप्पांचा श्वास आता शेजारी ऐकू येत होता, सुतार रंधा मारतो तसा.

तीन किलोमीटर उरले असताना मी पाहिले की अप्पांनी बाही खाली ओढून घड्याळ झाकले आहे.

मी म्हणालो, "अप्पा, घड्याळ बघू."

त्यांनी ऐकले नाही, किंवा ऐकून घेतले नाही. त्यांचा चेहरा लाल नव्हता, ओठांकडे पांढुरका होता. काय करावे ते मला सुचेना. थांबवावे तर हा माणूस चाळीस वर्षांनी घाटात आला आहे. न थांबवावे तर खाली लोतारेला त्यांचा मुलगा वाट पाहत उभा आहे, आणि त्याला मी काय सांगायचे? शेवटी मी सायकल पुढे काढली आणि त्यांच्या वाटेत आडवी घातली. उद्धटपणाच म्हणायचा. अप्पा पाय टेकून उभे राहिले. हँडलवर डोके ठेवले. मी बाही वर केली. एकशे बेचाळीस.

आम्ही बर्फाच्या भिंतीला पाठ लावून बसलो. दहा मिनिटे कोणी बोलले नाही. आमच्या बाजूने एक पिकल्या मिशांचा गडी सावकाश वर गेला आणि जाता जाता 'कुराज' म्हणाला. 'हिंमत धरा' एवढाच त्याचा अर्थ, पण तिथे तो रामराम म्हणावा तसा म्हणतात. आकडा शंभराच्या खाली आला तेव्हा अप्पा उठले.

"मोटर गाडीतून बोलवू का?" मी विचारले. मोबाईल हातातच होता.

"नको. पण आता मोजूनमापून जाऊ."

आणि तसेच गेले. आकडा सव्वाशेला पोचला की ते आपणहून थांबत. बोगद्याच्या तोंडाशी मोटारी आत शिरतात, आणि सायकलवाला डोंगराच्या डोक्यावरून जातो. तो शेवटचा एक किलोमीटर सर्वांत खडा. तिथे अप्पा सरळ खाली उतरले आणि सायकल ढकलू लागले. एके काळी बोरघाटात तिघांच्या पंक्तीत असलेला माणूस! मी काहीच बोललो नाही. तेच म्हणाले, "एकोणीसशे अकरात सगळ्यांनी ढकललीच ना? आपण काय मोठे लागून गेलो."

ते चालत असताना मी मोटरवर बसून शेजारून जाणे मला कसेसेच वाटले. मीही उतरलो. विजेची सायकल किती जड असते, हे ती ढकलल्याखेरीज कळत नाही. मोटर, बॅटरी मिळून पोतेभर तांदूळच. अप्पा वर पोचून पाच मिनिटे झाली, तेव्हा मी धापा टाकीत पाटीजवळ आलो. त्यांनी माझे मनगट धरून नाडी मोजली आणि पहिल्यांदाच हसले.

वर वारा असा की उभे राहवेना. उत्तरेकडे दूर माँ ब्लाँ, दक्षिणेकडे मेज शिखराच्या हिमनद्या. अप्पा बराच वेळ दक्षिणेकडे पाहत होते. मग म्हणाले, "तुझ्या ताईनं येऊ दिलं नसतं." आणि थोड्या वेळाने, "वाटेत घेऊन आला असता तर लिंबू-सरबताची बाटली घेऊन बसली मात्र असती. शिंगरोबापाशी बसायची तशी."

लग्नाआधीची ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. शिंगरोबा म्हणजे ज्या धनगराने साहेबाला बोरघाटाची वाट दाखवली, असे सांगतात, त्याचे देऊळ. येणारे-जाणारे गाडीवान तिथे नाणे टाकतात. अठरा-एकोणीस वर्षांची ताई घरी काय सांगून पुण्याहून तिथवर गेली असेल, याचा मी विचार करीत होतो, तोच अप्पा म्हणाले, "कागद आहे का रे?"

माझी छाती धडधडली. शिष्टाईची घटका अशी अवचित येईल असे वाटले नव्हते. मी पिशवीतून सोसायटीचे पत्र काढले, पेनही काढले. अप्पांनी पत्र घेतले, पेन घेतले नाही. चारही पाने त्यांनी छातीवर सदऱ्याच्या आत नीट पसरून ठेवली आणि वरून चेन ओढून घेतली. घामेजलेल्या अंगाने घाट उतरताना छातीला वारा लागू नये म्हणून शर्यतवाले शिखरावर बघ्यांकडून वर्तमानपत्र मागून घेत आणि सदऱ्यात खुपशीत. ती जुनी रीत. कागदाला जागा ठाऊक नसते, वारा अडला म्हणजे झाले. माझ्यासाठी चकल्यांच्या डब्याभोवती गुंडाळलेले पुण्याचे वर्तमानपत्र होते.

उतार साडेआठ किलोमीटरचा. चढाला जे दोन तास लागतात ते उताराला पंधरा मिनिटांत फेडून मिळते, पण सव्याज नव्हे. बोटे ब्रेकवर गोठतात, डोळ्यांतून पाणी वाहते. देग्रांजच्या स्मारकाजवळ मी थांबायला मागत होतो. अप्पा थांबले नाहीत. वळणात शिरताना बाहेरच्या कडेने यायचे, आतल्या बाजूला झुकायचे, पुन्हा बाहेर. त्यांची ती पाठ मी मागून पाहत होतो. चढताना सदुसष्ट वर्षांची होती.

लोतारेला भाचा कॉफीच्या दुकानाबाहेर येरझारा घालीत होता. कढत दूध-चॉकलेटचा पेला दोन्ही हातांत धरून अप्पांनी सदऱ्यातून पत्र काढले. ते ओले झाले होते. टेबलावर पसरून त्यांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले, दगड वाचीत होते तसे. मग मुलाला विचारले, "हा घाट बंद कधी होतो?"

"ऑक्टोबरअखेर, नोव्हेंबर. बर्फावर आहे."

"आणि उघडतो जूनमध्ये. मग सात महिने मी इथं काय करणार?"

"अप्पा, पण तिकडे एकटे..."

"सात महिने तिकडं, पाच महिने इथं. नवी जागा विकायची नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "दे ते पेन. आणि घर पाडायच्या आधी माळ्यावरची सायकल काढून तुझ्याकडे नेऊन ठेव. साखळी गंजली असेल. तेलात घालून ठेव."

ओल्या कागदावर शाई जरा फुटली. पुण्याला आल्यावर मी ते पत्र चिटणिसांकडे नेऊन दिले. त्यांनी ते उजेडात धरून, उलटसुलट करून पाहिले, सही मागच्या नोंदीशी ताडून पाहिली आणि विचारले, "पावसात भिजलं का हो?"

मी म्हणालो, "हो, घाटात."